मराठवाड्यातून समुद्राकडं: आई-बापानं एकट्यानं घ्यायच्या चार रात्रींच्या विश्रांतीची पूर्ण तयारी

आपल्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. म्हणून आपल्याकडं समुद्र म्हटलं की सहलच ठरते: भाड्याची गाडी, बारा माणसं, गणपतीपुळ्याहून मालवण, मालवणहून गोवा, येताना कोल्हापूर आणि जोतिबा. त्या गाडीत आई मागच्या सीटवर डबे सांभाळत असते आणि बाप पुढं बसून टोल आणि हॉटेलचा हिशेब करत असतो. घरी येईपर्यंत दोघंही निघताना होते त्याहून जास्त दमलेले असतात.

या लेखात त्या सहलीबद्दल काही नाही. आई किंवा बाप, दोघांपैकी एकानं, एकट्यानं, एकाच गावात, एकाच खोलीत चार रात्री राहायचं आणि मग पुन्हा संसाराला लागायचं, त्यासाठी काय काय करावं लागतं ते यात आहे. माझं मत आधीच सांगते. या विश्रांतीतलं निम्मं काम घरी, निघण्याच्या तीन आठवडे आधीपासून असतं. घर तुमच्यावाचून चालेल अशी सोय केली नसेल तर वाळूवर बसूनही तुम्ही फोनवर गॅसवाल्याचा नंबरच शोधत राहाल.

पूर्वी बायकांना विश्रांतीसाठी माहेर होतं. आता आई थकलेली असते, वहिनी नोकरीला जाते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कणीक आपल्याच हातात येते. पुरुषांना तर तीही जागा नव्हती. आणि चार दोस्त, एक गाडी आणि बाटल्या घेऊन गोव्याला जाऊन आलेला बाप विश्रांती घेऊन आलेला नसतो, हे घरात सगळ्यांना कळतं.

जायचं कधी

पावसाळा बाद. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, पाण्यात पाय घालायचीही सोय नसते, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाच बंदी असते. ऑक्टोबरात दिवाळीची धामधूम आणि सोयाबीनची काढणी. बायकांसाठी तर महालक्ष्म्या, नवरात्र आणि दिवाळी अशी सलग माळ लागलेली असते, आणि शीण खरा जाणवतो तो फराळाचे डबे घासून ठेवल्यावर. मार्चनंतर कोकणात उकाडा असा असतो की आपल्या कोरड्या ४२ अंशांत वावरलेला माणूसही तिथल्या ३३ अंशांत घामानं हैराण होतो.

उरतात नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. त्यातही नाताळ ते १ जानेवारी आणि २६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी टाळा. त्या दिवसांत किनाऱ्यावर पुणे-मुंबई लोटलेली असते आणि खोलीचं भाडं दुप्पट होतं. घरात दहावी-बारावीचं लेकरू असेल तर फेब्रुवारीही विसरा.

मला सगळ्यात सोयीचा वाटतो तो पौष. लातूर-धाराशिवकडं येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येचा शेतातला सण, टाळून कुठं जाता येत नाही, जाऊही नये. शेतात जाऊन भज्जी-आंबील खाऊन या. ती अमावस्या झाली की पौष लागतो. पौषात लग्नं नसतात, म्हणजे "आमच्या लग्नाला आली नाही" म्हणून रुसायला कुणी नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही उरकता येतं.

आता तिथीकडं बघा, कारण समुद्र इंग्रजी तारखेवर चालत नाही. कोकणात जुना हिशेब आहे: तिथीला तीननं गुणायचं आणि चारनं भागायचं, येईल तो आकडा पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला किंवा अमावस्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास. ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, आणि रोज हे वेळापत्रक पाऊण तासाच्या आसपास पुढं सरकतं. गावागावांत थोडा फरक पडतो, पण बेत आखायला एवढं पुरतं.

याचा उपयोग असा की पौर्णिमेच्या आगेमागे गेलात तर पहाटे आणि संध्याकाळी, म्हणजे तुम्ही चालायला निघाल तेव्हाच, ओहोटी मिळते. रुंद, घट्ट, ओल्या वाळूवर अनवाणी लांब चालता येतं आणि रात्री चांदणं असतं. अष्टमीच्या सुमारास गेलात तर सकाळी पाणी पार वर आलेलं असतं आणि चालायला फक्त कोरडी, पाय रुतणारी वाळू उरते. म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढा, पौष पौर्णिमा बघा. ती नव्या वर्षाच्या गर्दीला चिकटून आली असेल तर माघ पौर्णिमा धरा. एवढं लक्षात ठेवा की पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती असते. दुपारी पाणी नेहमीपेक्षा बरंच आत येतं.

वार म्हणाल तर रविवारी रात्री निघायचं आणि शनिवारी सकाळी घरी. सोमवारी दुपारी पोचता, सोम ते गुरू चार रात्री मिळतात, शुक्रवारी दुपारी परत निघायचं. आठवड्याच्या मधल्या दिवसांत किनारा रिकामा असतो, लेकरांची शाळा चालू असल्यानं घरातला दिवसही बांधलेला असतो. चारपेक्षा कमी रात्रींसाठी आपल्या भागातून जाऊच नये असं मला वाटतं. दोन रात्रींत फक्त प्रवासाचा शीण निघतो.

कुठल्या गावाला

आधी टाळायचं ते. अलिबागला शनिवार-रविवारी मुंबई असते. तारकर्लीला पाण्यातल्या खेळांचा गलका असतो. गणपतीपुळे दर्शनाला उत्तम, पण गर्दीचं, आणि तिथल्या समुद्रात बुडण्याच्या घटना वारंवार होतात.

पहिल्यांदाच एकटं जाणाऱ्यानं, विशेषतः बाईनं, गुहागर धरावं. एसटी स्टँड, बाजारपेठ, औषधाचं दुकान आणि समुद्र सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे. किनारा सरळ, लांबलचक, बाजूनं सुरूची झाडं. गावात व्याडेश्वराचं देऊळ आहे. घरगुती खानावळी आहेत, शाकाहारी जेवण सहज मिळतं. आणखी शांतता हवी तर तिथून जवळच वेळणेश्वर.

दापोलीकडं अंजर्ले आणि केळशी ही दोन्ही निवांत गावं. सिंधुदुर्गात आचरा, किंवा वेंगुर्ल्याच्या पुढं शिरोडा-वेळागर. भोगवे आणि निवती दिसायला याहून देखणी आहेत, पण स्वतःची गाडी नसेल तर अडकून पडायला होतं. साध्या डोकेदुखीच्या गोळीसाठी रिक्षा बोलवावी लागली तर विश्रांती कसली. संभाजीनगर-जालन्याहून निघणाऱ्यांना श्रीवर्धन-दिवेआगर जवळ पडतं, फक्त शुक्रवारी दुपारच्या आत तिथून निघा, कारण त्यानंतर पुणेकर यायला लागतात.

एक गाव निवडलं की विषय संपला. "एवढं लांब आलोच आहोत तर सिंधुदुर्ग किल्लाही बघून घेऊ" हे वाक्य मनात आलं की ओळखा, सहल डोकं वर काढतेय.

खोली ठरवताना फोनवर काय विचारायचं

फोटो बघून खोली घेऊ नका, फोन करा. पहिलंच वाक्य: "मी एकटीच येणार आहे, चार रात्री." यावर समोरचा गडबडला, "एकट्याच? मिस्टर नाहीत?" असं दोनदा विचारलं, तर आभार मानून दुसरीकडं लावा. एकट्या माणसाला खोली न देणारे लोक आहेत, आणि ते दारात कळण्यापेक्षा फोनवर कळलेलं बरं. घरमालकीण स्वतः बोलत असेल, "या हो, आमच्याच अंगणात खोली आहे" म्हणत असेल, तर निम्मं काम झालं.

मग समुद्राचं अंतर पावलांत विचारा. "दोन मिनिटांवर" याचा अर्थ तिकडं पुष्कळदा मोटारसायकलवरची दोन मिनिटं असा असतो. त्या आठवड्यात मोठा ग्रुप किंवा लग्न उतरणार आहे का, शेजारी बांधकाम चालू आहे का, गरम पाणी किती वाजता, जेवण घरातच मिळतं का बाहेर जावं लागतं, मोबाइलला रेंज आहे का, वीज गेली तर काय, हे सगळं विचारा. खोलीला आतून घट्ट बसणारी कडी आहे का हे विचारायला संकोच करू नका. आगाऊ सगळे पैसे भरू नका. थोडे भरून बाकीचे तिथं देईन म्हणा. इंटरनेटवर खोट्या बुकिंगचे प्रकार होतात, त्यामुळं पैसे पाठवण्याआधी गावातल्या दुसऱ्या एखाद्या दुकानाला किंवा खानावळीला फोन करून अशी जागा आहे ना एवढी खात्री करा. ज्यांना अनोळखी घराची धास्ती वाटते त्यांच्यासाठी एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं, निवास वेळणेश्वरला आहे.

घर लावून देणं

हा भाग लांबणार आहे, कारण सगळं इथंच अडतं.

प्रथम कुणाला सांगायचं? सासूबाईंना, आणि सगळ्यात आधी. शेजारणीकडून त्यांना कळलं तर चार दिवसांची विश्रांती चार महिन्यांच्या टोमण्यांत फिटते. परवानगी मागितल्यासारखं बोलू नका, बातमी सांगितल्यासारखं सांगा: "आत्याबाई, या तारखांना मी चार दिवस कोकणात जाणार आहे, घरचं असं असं ठरवलंय, तुम्हाला यातलं काय जड जाईल ते सांगा." शेवटचा प्रश्न खरा विचारायचा. त्यांच्या गुडघ्यांना पहाटे उठणं जमत नसेल तर दुधाचं काम लेकाला द्या. नातेवाइकांचं "एकटीच का? काही भांडण झालं का?" येणारच. त्यावर माझ्याकडं एक सोपं उत्तर आहे: गुहागरला व्याडेश्वर, वेळणेश्वरला वेळणेश्वर, कुणकेश्वरला कुणकेश्वर. किनाऱ्यावरच्या गावांत महादेवाला तोटा नाही. देवाला चालले म्हटलं की आपल्याकडं पुढचा प्रश्न येत नाही, आणि दर्शन घेतलंत तर ते खोटंही नाही.

मग एक कागद घ्या. मोबाइलमध्ये नको, कागदच, फ्रिजवर लागेल असा. त्यावर तुमच्या डोक्यात असलेलं घर उतरवा. आपल्याकडं पहिली ओळ पाण्याची. नळ कुठल्या दिवशी येतो, साधारण किती वाजता, आधी हौदाचा कॉक उघडायचा की मोटर लावायची, पिण्याचं पाणी कुठल्या भांड्यात, आणि नळ आलाच नाही तर टँकरवाल्याचा नंबर. पुष्कळ घरांत हे ज्ञान एकाच माणसाकडं असतं. तो माणूस गेला की नळ येऊन जातो आणि कुणाला पत्ता लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्यांनी पाहिलंय त्या लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको.

त्याखाली गॅस: भरलेली टाकी कुठली, रेग्युलेटर कोण बदलू शकतं. घरातल्या ज्येष्ठांच्या गोळ्या: सकाळची कुठली, रात्रीची कुठली, जेवणाआधी की नंतर, त्या आठवड्याच्या गोळ्या वेगवेगळ्या पुड्यांत घालून त्यावर वार लिहून ठेवा. शाळेच्या रिक्षावाल्या काकांचा नंबर. कुठल्या वारी पीटीचा गणवेश. डब्यात काय चालतं आणि काय परत येतं. लेकराला ताप आला तर कुठला डॉक्टर, फाइल कुठल्या कप्प्यात. शेवटी, अडचण आली तर कुणाला फोन करायचा त्याचा क्रम, आणि त्यात तुमचं नाव सगळ्यात खाली.

कागद झाला की तालीम घ्या. निघण्याच्या दहा-बारा दिवस आधीच्या रविवारी सकाळी सातला घरातून बाहेर पडा, मैत्रिणीकडं जा, तुळजापूरला जाऊन या, काहीही करा, पण रात्री आठशिवाय परतू नका आणि फोन उचलू नका. संध्याकाळी कळतं की कुकरची शिट्टी कुठं ठेवली आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ते कागदावर चढवा. या एका दिवसानं जेवढं काम होतं तेवढं दहा सूचनांनी होत नाही.

स्वयंपाक करून फ्रिज भरून ठेवायच्या भानगडीत पडू नका. निघायच्या आदल्या रात्री बारापर्यंत पोळ्या लाटून प्रवासाला निघणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांची पहिली दोन दिवसांची विश्रांती त्या पोळ्यांतच जाते. चार दिवस खिचडी, पोहे, वरणभात आणि एक दिवस बाहेरचं, यानं कुणाचं काही बिघडत नाही. धुणंभांडी करणाऱ्या मावशींना चार दिवस जास्तीचं काम पडणार असेल तर त्याचे पैसे आधीच हातात द्या. आत्या किंवा मावशी राहायला येणार असेल तर तिला परतफेडीचा शब्द द्या, आणि तो पाळा.

लेकरांना किती आधी सांगायचं हे वयावर आहे. चार-पाच वर्षांच्या लेकराला दोन दिवस आधी पुरतं. आठवडाभर आधी सांगितलं तर आठवडाभर रडणं होतं. लपवून, झोपलेलं असताना निघून मात्र जाऊ नका. पुढच्या वेळी बाजारात गेलात तरी ते पदर सोडणार नाही. अंगावर पिणारं बाळ असेल तर थांबा, ते दुसऱ्याच्या हातून पोटभर जेवायला लागू द्या.

आणखी एक, जरा गंभीर. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर तो शीण समुद्रानं जात नाही. आधी डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

प्रवास

लातूर, धाराशिव, नांदेडकडून रत्नागिरीला सरळ जाणारा रस्ता म्हणजे रत्नागिरी-नागपूर महामार्ग: नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर आणि मग आंबा घाट. लातूरहून अंतर पाचशे किलोमीटरच्या आसपास. रात्रीच्या बसनं पहाटे कोल्हापूर गाठायचं, स्टँडवर तोंड धुवायचं, चहा घ्यायचा आणि उजेडात घाट उतरायचा. मालवण-आचऱ्याला गगनबावडा किंवा फोंडा घाट, वेंगुर्ल्याला आंबोली. गुहागरला जायचं तर कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि तिथून एसटी. संभाजीनगर-जालना-बीडवाल्यांनी पुणे गाठून ताम्हिणीनं माणगावला उतरावं.

सपाटीवरच्या आपल्या लोकांना घाटात मळमळतं. पुढची खिडकीची जागा घ्या, घाटाआधी पोटभर खाऊ नका, आणि फोनच्या पडद्याकडं बघू नका.

रेल्वेनं जायचं तर नांदेड-परभणी-जालन्याहून देवगिरी किंवा नंदीग्राम एक्सप्रेस, लातूरहून मुंबई एक्सप्रेस, आणि ठाण्याला उतरून कोकण रेल्वेची गाडी. गुहागरला चिपळूण स्टेशन, दापोलीकडं खेड, आचऱ्याला कणकवली, शिरोड्याला सावंतवाडी. दोन गाड्यांमध्ये किमान चार-पाच तास सोडा, आपल्या गाड्यांचा उशीर गृहीत धरा. तिकीट ६० दिवस आधी उघडतं, आणि कोकणच्या गाड्या लवकर भरतात. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळं बाईला एकटीनं जाणं खिशालाही फार जड जात नाही. परतीचं आरक्षण निघण्याआधीच करून ठेवा. तिथं बसून तिकीट शोधत बसलात की शेवटचा दिवस गेलाच.

पिशवीत काय

कमी. पण सुती कपड्यांचे दोन जोड जास्त, कारण तिकडच्या दमट हवेत सकाळी धुतलेलं संध्याकाळीही ओलसरच असतं. जुनी चप्पल, रुंद काठाची टोपी किंवा गमछा, टॉर्च, डासांचं मलम, नेहमीच्या गोळ्या, आधार कार्ड. चष्मा पुसायला मऊ कापड घ्या, खाऱ्या वाऱ्यानं काचेवर सारखा पापुद्रा बसतो. प्रवासासाठी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी घ्या. ही चटणी तिसऱ्या दिवशी कामाला येते, कारण नारळाच्या गोडसर आमटीनं आपली जीभ तोवर कंटाळलेली असते.

तिथं गेल्यावर

पहिल्या दिवशी झोपा. दुपारी पोचलात की आंघोळ, जेवण आणि झोप. समुद्र संध्याकाळी बघितला तरी चालतो, तो कुठं जात नाही. दुसऱ्या दिवशी बहुतेकांची चिडचिड होते. हात रिकामे, कुणी हाक मारत नाही, सारखं वाटतं काहीतरी राहिलंय. या दिवशीच लोक रिक्षा करून किल्ले बघायला निघतात. निघू नका. तिसऱ्या सकाळी जाग उशिरा येते आणि चहा गरम असतानाच संपतो, तिथून पुढं खरी विश्रांती.

दिवसाचा आराखडा ढोबळच ठेवा. पहाटे ओहोटीच्या वाळूवर चालणं. अकरा ते चार सावलीत: जेवण, वाचन, झोप. संध्याकाळी पुन्हा किनारा. घाम फार येतो, म्हणून पाणी आणि शहाळं घेत राहा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम जाणवत नाही, तिथं तो निथळतो आणि अंगातलं मीठ जातं.

ओहोटीला खाली वाकून बघा. ओल्या वाळूवर बारीक मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली असते, मधोमध एक भोक. ते इवल्या खेकड्यांचं काम. वाळू तोंडात घालून त्यातलं खाद्य घ्यायचं आणि उरलेली वाळू गोळी करून टाकायची, असं ते पाणी परत येईपर्यंत करत राहतात. आपण पाऊल टाकलं की सगळे आत. स्वस्थ उभे राहिलात तर एकेक करून बाहेर येतात. सिंधुदुर्गात असाल तर सकाळी रापण ओढताना दिसेल. होडीनं समुद्रात अर्धगोल टाकलेल्या लांब जाळ्याची दोन टोकं किनाऱ्यावर दोन रांगांनी माणसं ओढतात, पाय वाळूत रोवून, अंग मागं टाकून. जाळं जवळ येतं तशी दोन्ही रांगा एकमेकींकडं सरकतात आणि शेवटी मधल्या झोळीत मासळी उसळते. बाजूला घमेली घेऊन बायका बसलेल्या असतात, भाव तिथंच ठरतो. बघायला पैसे लागत नाहीत. वाटेत मात्र उभं राहू नका.

खाण्याचं म्हणाल तर मासे खाणं तुम्हाला नवं असेल तर सुरमई किंवा पापलेटपासून सुरुवात करा, बांगड्यात काटे जास्त. शाकाहारी माणसानं काळ्या वाटाण्याची आमटी, कुळथाची पिठी, घावन आणि सोलकढी मागून घ्यावी. "थोडं तिखट चालेल" असं आधीच सांगा.

पाण्याबद्दल नीट ऐका. विहिरीत मुटके मारून किंवा गोदावरीच्या डोहात पोहायला शिकलेला माणूस समुद्रात जास्त धोक्यात असतो, कारण त्याला भरवसा असतो. विहिरीचं पाणी जागेवर असतं, समुद्राचं ओढून नेतं. लाटा फुटत असताना मध्येच एक पट्टा शांत, गडद आणि बिनलाटांचा दिसला तर तिथूनच पाणी आत परततंय असं समजा. नवखा माणूस नेमका तीच जागा सोपी समजून उतरतो. गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ नका, ओहोटी लागली असताना तर नाहीच, आणि एकटे असताना अंधारात मुळीच नाही. ओढीत सापडलातच तर किनाऱ्याकडं झगडू नका. अंग सैल सोडून तरंगत राहा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर बाजूला सरका, ओढ संपली की मग आत या. खडकांवर बसायच्या आधी भरती कधी आहे ते घरमालकाला विचारा. अडचणीत ११२. आणि दारू पिऊन पाण्यात उतरणाऱ्या बापांना काही सांगून उपयोग नसतो, पण त्यांच्या घरच्यांनी तरी हे वाचावं.

फोन

दिवसातून एकदा, संध्याकाळी लेकरांचं जेवण झाल्यावर, दहा मिनिटं. झोपायच्या वेळी नको. डोळ्यांवर झोप असताना आईचा चेहरा दिसला की रडू फुटतं आणि आजीची रात्र जाते. शाळेच्या ग्रुपवर जोडीदाराला घालून द्या आणि स्वतः तो ग्रुप चार दिवस गप्प करा. "माझा निळा मोजा कुठंय" याला उत्तर देऊ नका. मोजा सापडतो, किंवा काळा घालून पोरगं शाळेत जातं. फोटोही रोज टाकू नका. टाकलात की खाली प्रश्न येतात आणि चार दिवस त्यांची उत्तरं देण्यात जातात.

खरं संकट असेल तर कुणी कसं गाठायचं हे ठरलेलं हवं. घरमालकाचा नंबर फक्त जोडीदाराकडं द्या.

परत येताना

शेवटच्या दिवशी सकाळी किनारा, मग खरेदी, आणि तीही मोजकी: आमसुलं, काजू, आंबापोळी किंवा फणसपोळी. सुकट घेणार असाल तर तीन पिशव्यांत घट्ट बांधा, नाहीतर रात्रभर आख्खी बस तुमच्या नावानं बोटं मोडेल. घरातल्या ज्यांनी काम उचललं त्यांच्यासाठी काहीतरी वेगळं घ्या, सगळ्यांना सारखा काजूचा पुडा नको. सासूबाईंना काय आवडतं ते तुम्हालाच माहीत.

शनिवारी सकाळी दारात पाऊल ठेवलं की नजर ओट्याकडं जाते. जाऊ द्या, पण बोलू नका. मिठाचा डबा भलत्या जागी असेल, गादीवर कपड्यांचा डोंगर असेल, लेकराच्या वहीत शेरा असेल. पहिला दिवस तपासणीचा ठेवू नका. "हे असं कशाला ठेवलं" हे एक वाक्य तोंडातून गेलं की पुढच्या वेळी कुणी जबाबदारी घेत नाही. आधी लेकरांना जवळ घ्या, त्यांना सांगायचं असतं ते सगळं ऐका, मग आंघोळ करा. आपलं वाळूचं धुणं वेगळं भिजवा, बाकीचं रविवारी. लहान लेकरं पहिले काही तास फुगून बसतात किंवा मुद्दाम दुसऱ्याकडं जातात. ओढून घेऊ नका, संध्याकाळपर्यंत आपोआप येतात.

रविवारी फ्रिजवरचा कागद खाली काढा आणि चार दिवस घर चालवलेल्या माणसाबरोबर बसून तो दुरुस्त करा. काय लिहायचं राहिलं, काय उगाच लिहिलं, नळ खरंच त्या वेळी आला का. मग तोच कागद जपून ठेवा आणि कॅलेंडर पुन्हा काढा, कारण आता पाळी जोडीदाराची. पुढची सोयीची पौर्णिमा बघून त्याच्या चार रात्री त्याच बैठकीत पेन्सिलीनं मांडून टाका. "बघू नंतर" म्हटलं की पुढचा पौष उजाडतो.